देवाची चेष्टा

समोरच्या आंटींच्या घरी भागवत बसलं होतं. सात दिवस. मांडव थेट आमच्या ओट्यापर्यंत आलेला, त्यामुळे जायचं की नाही हा प्रश्नच नव्हता, दार उघडलं की आम्ही कथेतच. आजी तेव्हा एक्क्याऐंशीची, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून तिला प्लास्टिकची खुर्ची, तीही सगळ्यात पुढे स्पीकरला चिकटून, कारण कानही यथातथाच. चौथ्या दिवशी महाराज चांगलेच रंगात आले आणि म्हणाले की मनुष्याने आयुष्यभर भगवंताच्या प्राप्तीची चेष्टा केली पाहिजे. हिंदीत म्हणाले अर्थात. आजीला त्यातलं 'भगवान' आणि 'चेष्टा' एवढंच ऐकू आलं असणार. ती खुर्चीत एकदम सरळ झाली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात (कमी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कुठे कळतो) माझ्या आईला म्हणाली, "बघ! मी साठ वर्षं तेच करून राहिलेय, आणि तुम्ही मलाच बोलता!"

जे लोक फक्त मराठीतच राहतात त्यांच्यासाठी सांगते, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अशा शब्दांच्या उशा अंथरुणाला कायम असतात, या कुशीवर वळलं की एक अर्थ आणि त्या कुशीवर वळलं की दुसरा. माझी पुण्याची आतेबहीण सातेक वर्षांची असताना सुट्टीत आली होती, तिने एका सरकारी पाटीवर 'शिक्षा विभाग' वाचलं आणि त्या रस्त्याने जायचंच नाही म्हणून रडारड केली. इथे शिक्षेचं वेगळं ऑफिस आहे याची तिला खात्री पटली होती. आणि माझ्या भावाने शाळेत तानसेनवरच्या मराठी निबंधात लिहिलं होतं, तानसेनला खूप राग येत असत. हे चूक पण नाही, बघा.

आम्ही लश्करचे. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे फौजेचा तळ टाकला, तो पुढे उठलाच नाही, त्याचंच शहर झालं आणि नावही तेच राहिलं, लश्कर. बाबा म्हणतात आपण दोनशे वर्षं तंबूत राहून राहिलोय आणि अजून निघायची ऑर्डर आलेली नाही. मोहल्ल्यांची नावं अजून चिटणीस की गोठ, निंबाळकर की गोठ अशी, गोठ म्हणजे छावणी, ती मराठी आणि 'की' हिंदी. आमची भाषाही तशीच. आम्ही चादर बिछवतो, सब्जी चिरतो, आणि दिवसभर काही ना काही 'करून राहतो'. एका लग्नात मुंबईच्या एक बाई अर्धा तास माझ्या आईशी बोलल्या आणि निघताना अगदी मनापासून म्हणाल्या, "तुमचं हिंदी किती गोड आहे हो." आई त्यांच्याशी पूर्ण वेळ मराठीत बोलत होती.

तर आजी आणि देव. आजी देवाला अहोजाहो करायची नाही, तसं कोणीच करत नाही, पण तिचं अरेतुरे वेगळ्या जातीचं होतं. घरातला एखादा धाकटा दीर, कामाला चांगला पण वेळेवर कधी न येणारा, त्याच्याशी बोलावं तसं. सकाळी देवघरात घंटी वाजवताना, "उठलास का? का काल रात्री मेळ्यात गेला होतास?" बाळकृष्णाला आंघोळ घालताना हातातून निसटला तर, "पळ, पळ, तुझ्या आईला पण असाच छळलास." आईला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. ती माहेरची झाशीची, त्यांच्याकडे पूजा म्हणजे एकदम कडक शिस्त, सोवळ्यात कोणी हसलं तर परत आंघोळ. आजीकडे हसल्याशिवाय पूजा पूर्ण झाली असं वाटायचं नाही.

मांढऱ्याच्या मातेला नवरात्रात पहाटे जायचं. कंपूच्या टेकडीवरचं देऊळ, शिंद्यांच्या फौजेतल्या मांढरे घराण्याचं, इथले हिंदीवाले त्याला मांढरे की माता म्हणतात. शेवटी शेवटी आजीला चढवेना. तिने पायथ्याशी उभं राहून वर बघितलं आणि म्हणाली, "हे बघ, एक तर तू खाली ये, नाही तर मला गुडघे दे. दोन्ही जमत नसेल तर नारळ माझा पोरगा आणून देईल, तेवढ्यावर भागव." मग खालीच एका दगडावर बसली. आम्ही वरून दर्शन घेऊन येईपर्यंत तिने शेजारच्या फुलवालीच्या सुनेचं माहेर, सासर, बाळंतपण सगळं काढून घेतलं होतं आणि वर त्या बाईकडून फुकट चहा प्यायली होती. "माझं दर्शन झालं," म्हणाली. कोणाचं ते आम्ही विचारलं नाही.

तिथेच दसऱ्याला शमीपूजन असतं. शिंदे घराण्यातला प्रमुख तलवार शमीला लावतो आणि मग लोक जे तुटून पडतात पानांवर, विचारू नका. तुमच्याकडे आपटा, सरळ साधा, बाजारात दहा रुपयांना जुडी. आमचं सोनं काटेरी. माझे काका एका वर्षी त्या गर्दीत घुसले आणि मूठभर सोनं घेऊन विजयी वीरासारखे परत आले. घरी येऊन मूठ उघडली तर तीन पानं, दोन काटे आणि कोणाच्या तरी चष्म्याची एक काडी. आजीने ती काडी देवासमोर ठेवली. "ज्याची असेल त्याला दिसू दे रे बाबा." वर्षभर ती काडी देवघरात होती, निरंजनाच्या शेजारी.

आता बाबा, अचलनाथ आणि स्कूटर. हे जरा नीट सांगायला हवं.

अचलेश्वराचं देऊळ तुम्ही बघितलं नसेल तर, ते रस्त्याच्या अगदी मधोमध आहे. कडेला नाही, मधोमध. गोष्ट अशी सांगतात की राजाच्या स्वारीच्या वाटेत येत होतं म्हणून पिंड हलवायचं ठरलं, खणून झालं, साखळ्या बांधून हत्ती लावून ओढून झालं, साखळ्या तुटल्या पण महादेव जागचा हलला नाही, म्हणून अचलनाथ. म्हणजे अतिक्रमण हटाव मोहीम, हत्तीसकट, फेल. तेव्हापासून सगळं ट्रॅफिक देवाला वळसा घालून जातं आणि जाता जाता प्रत्येक जण हँडलवरचा एक हात सोडून छातीला, कपाळाला लावतो. तुम्ही तिथे कोपऱ्यावर पाच मिनिटं उभे राहिलात तर दिसेल, टेम्पोवाले, ई-रिक्षावाले, शाळेची पोरं, सगळे एक हात वर. ब्रेक कशाने लावतात ते तोच जाणे.

बाबा दोन्ही हात सोडायचे. खरंच. एका हाताने नमस्कार म्हणजे अर्धा नमस्कार, असं त्यांचं म्हणणं. पुढे मी उभी, मागे आजी आडवी बसलेली, मांडीवर चितळ्यांचा नव्हे तर बहादुराच्या लाडवांचा पुडा, आणि बाबांनी दोन्ही हात जोडले. समोरून एक गाय निवांत आली. पुढचं तुम्ही समजून घ्या. मला गुडघ्याला लागलं, बाबांची कोपरं सोलली, आजी मात्र जशी बसली होती तशीच रस्त्यावर बसलेली, पुडा डोक्याच्या वर धरून, एक लाडू हलला नव्हता. हारवाला धावत आला, "बाऊजी, ऐसी भी क्या भक्ति!" बाबा पडल्या पडल्या म्हणाले, "चला, साष्टांग झाला." आणि आजी, रस्त्यात बसूनच, त्या हारवाल्याला, गायीला आणि महादेवाला एकत्रच सांगितल्यासारखं, "मी याला लाख वेळा सांगितलं, हात हँडलवर ठेव, तो तुला ओळखतो!"

हे वाक्य मग आमच्या घरात पुढची तीस वर्षं राहिलं. बाबा घरातून निघाले की आतून हाक यायची, हात हँडलवर. ते हो म्हणायचे. आणि अचलनाथ आला की सोडायचे. गायीचा प्रसंग परत आला नाही, पण तो महादेवाचा मोठेपणा, बाबांचा नाही.

माझ्या गळ्याचाही एक किस्सा आहे, थोडक्यात सांगते. मी नऊ वर्षांची असताना आईला वाटलं मुलीने गावं. ग्वाल्हेरचीच मुलगी, नावाला तरी घराणं. माझा आवाज तेव्हाही असाच होता, कुकरची शिट्टी बसल्यासारखा. म्हणून मला हजिऱ्याला नेलं, तानसेनच्या मकबऱ्यापाशी चिंचेचं झाड आहे, त्याची पानं खाल्ली की गळा उघडतो म्हणतात, मोठमोठे गवई येऊन खातात. आईने चार पानं खाऊ घातली. मी आणखी पंधरावीस स्वतःच्या मनाने खाल्ली, आंबट छान लागत होती. रात्रभर पोट धरून बसले. आजी ओवा देताना म्हणाली, "त्याच्याकडे गळ्याचं खातं आहे, पोटाचं नाही." युनेस्कोने 2023 मध्ये ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, त्यात आमच्या घराचा काडीचाही वाटा नाही.

पण तानसेन समारोहाला बाबा न्यायचेच. रात्रीच्या मैफलीला नाही, तिथे आम्ही झोपायचो, सकाळच्या सुरुवातीला. 1924 पासूनचा समारोह, डिसेंबरच्या थंडीतला. सतरंजी दवाने ओलसर, तोंडातून वाफ, सगळी म्हातारी मंडळी माकडटोपीत. आधी सनई. मग ढोलीबुवांची हरिकथा, आणि त्यानंतर त्याच ठिकाणी मौलवीसाहेबांचा मिलाद, म्हणजे पैगंबरांचं गुणगान, मग मकबऱ्यावर चादर. पेपरात दर वर्षी यावर काहीतरी मोठं मोठं लिहून येतं. मला आठवते ती आजी, हरिकथेत मान डोलावणारी आणि मिलाद सुरू झाल्यावरही तितकीच मान डोलावणारी, शेवटी मी विचारलं की तुला हे कळतं का, तर म्हणाली, "कळायला काय, आमच्या बुवांचं तरी सगळं कुठे कळलं?" आणि शेजारच्या बुरख्यातल्या आजींना तिने शालीचं अर्धं टोक पांघरायला दिलं होतं, कारण त्यांचा नातू त्यांची शाल घेऊन कुठेतरी पळाला होता. दोघी मिळून त्या नातवाला शिव्या देत होत्या. हळू आवाजात, मिलाद चालू होता म्हणून.

हळदीकुंकवाचं सांगायचं राहिलंच. समोरच्या आंटी, त्याच भागवतवाल्या, भिंडच्या. पहिल्या वर्षी आल्या तेव्हा "लूटना क्यों पड़ता है, माँग लो तो दे नहीं देंगे?" असं विचारत होत्या, वाण लुटायचं म्हणजे त्यांना वाटलं खरंच झटापट आहे, आणि चंबळकडच्या बाईने हे विचारावं याच्यावरच आमच्या बायका आठवडाभर हसल्या. चौथ्या वर्षापासून त्या स्वतःच करायला लागल्या. आणि मग एकदा सगळ्यांनी धरलं की नाव घ्याच. आंटींनी पदर सावरला, अंकलकडे एकदा बघितलं आणि एका दमात,

मुरैना की गजक, भिंड का पेड़ा,
आदमी मेरा सीधा, बस चलता है टेढ़ा।

अंकल उठून बाहेर गेले. कोणीतरी म्हणालं, अहो पण यात नाव कुठे आलं? आजी म्हणाली, "नाव नाही घेतलं, पण ओळखला सगळ्यांनी."

आता 2020 चा गणपती. 22 ऑगस्ट. आमचे गुरुजी सत्तरीचे, एकटेच राहायचे, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगा बेंगळुरूला. मुलाने फोनवरून शपथ घातलेली की बाबा घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. चतुर्थीला एरवी पहाटे चारपासून सायकल हाणत पंधरावीस घरं करणारा माणूस, पण उपाय नव्हता. म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप कॉल लावला, चार घरं एकदम. आम्ही, मोरारचं एक घर, एक झाशीचं आणि एक इंदूरचं. आमच्याकडे मोबाइल नैवेद्याच्या वाटीला टेकवून ठेवलेला, तो दर पाच मिनिटांनी घसरायचा आणि मग गुरुजींना नुसतं आमच्या घराचं छत दिसायचं. "यजमान, मला पंखा दिसून राहिला आहे!"

आचमन झालं, संकल्प झाला, झाशीवाल्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. इंदूरवाल्यांचं बाळ रडत होतं, गुरुजींनी मंत्रात खंड न पाडता, त्याच सुरात "त्याला आधी घ्या" असं म्हणून टाकलं, आम्हाला वाटलं संस्कृतच आहे. मग आली प्राणप्रतिष्ठा. बाबांनी गणपतीच्या छातीवर उजवा हात ठेवला, गुरुजींनी मंत्र सुरू केला आणि नेटवर्क गेलं. स्क्रीनवर गुरुजी तोंड उघडं ठेवून थांबलेले, वरती ते गोल गोल फिरणारं चक्र. बाबांना कळेना हात काढायचा की ठेवायचा. काढला तर विधी मोडतो. अर्धा प्राण आत गेलेला, अर्धा टॉवरवर. पूर्ण घर गप्प, बाबा गणपतीच्या छातीवर हात ठेवून तसेच ओणवे, एक मिनिट, दोन मिनिटं, त्यांच्या कपाळावर घाम. आणि मागून आजीचा आवाज, अगदी काळजीचा,

"लागते आहे का नाडी?"

आई हसून हसून जमिनीवर बसली. सोवळ्यात! झाशीची मुलगी! बाबांचा हात हलायला लागला, ते ओठ चावून हसू दाबत होते आणि त्यामुळे गणपती पण हलायला लागला, मग तर काय. तेवढ्यात कॉल परत लागला आणि गुरुजींनी बघितलं की यजमान, यजमानपत्नी, सगळे डोळे पुसतायत. त्यांना वाटलं काही वाईट झालं. "काय झालं? काय झालं?" आजीने फोनवर तोंड घालून सांगितलं काय झालं ते. आणि ते आमचे इतके कडक गुरुजी, जे अथर्वशीर्षात एक अनुस्वार चुकला तर परत म्हणायला लावायचे, ते जे हसायला लागले, चारही घरांत ऐकू आलं, मोरारवाल्यांना काय चाललंय ते माहीत नव्हतं तरी तेही हसत होते.

आरती म्हणजे दिव्यच होतं. चार घरांत चार वेळा, प्रत्येक जण दुसऱ्याच्या अर्धी ओळ मागे, टाळ्या कुठल्या घरच्या ते कळत नाही. मंत्रपुष्पांजलीत एरवी सुरुवातीला सगळे जोरात आणि मध्ये नुसतं गुणगुणणं, तसंच झालं, फक्त चार घरांचं गुणगुणणं एकत्र आल्यामुळे भरघोस वाटलं.

संपलं. आता कॉल ठेवायचा. कोणी ठेवेना. गुरुजी जरा घुटमळले आणि म्हणाले, "मोदक कसे झालेत? दाखवा बघू."

आईने ताट स्क्रीनसमोर धरलं. आमच्या घरचे उकडीचे मोदक कधीच सरळ उभे राहत नाहीत, आजीच्या मते आमच्याकडच्या डबरा गावच्या तांदळाला उकड कळत नाही, त्यामुळे आमचे मोदक दर वर्षी बसलेले असतात, दमल्यासारखे. गुरुजींनी निरखून बघितले. मग मोरारवाल्यांनी दाखवले, तळलेले. झाशीवाल्यांनी खव्याचे, इंदूरवाल्यांनी विकतचे, बाळ लहान म्हणून, आणि तसं सांगितलं पण. गुरुजी प्रत्येकाला "छान, छान" म्हणत होते. त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, दिवा बंद.

आईने फोन ठेवला आणि एक शब्द न बोलता डबा भरायला घेतला. अकरा मोदक, तुपाची छोटी वाटी, वरणभात, वालाची उसळ. बाबा मास्क लावून स्कूटरवर निघाले, रस्त्यात पोलिसाने अडवलं तर काय सांगायचं यावर घरात चर्चा झाली, आजी म्हणाली, "खरं सांग. गणपती घेऊन चाललोय, तो आज गुरुजींकडे जेवणार आहे." बाबांनी डबा गुरुजींच्या उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि दहा पावलं मागे जाऊन उभे राहिले. गुरुजी बाहेर आले, डबा उघडून बघितला आणि लांबूनच म्हणाले, "हे तर स्क्रीनवर दिसले त्याहून जास्त बसलेत."

पुढच्या वर्षांत ते परत प्रत्यक्ष यायला लागले. फक्त आता पूजेत कोणी मध्ये बोललं की सवयीने म्हणतात, म्यूट करा जरा.

आजी गेल्या वर्षी पौषात गेली. झोपेत. आदल्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना देवाला विचारलं होतं, आज काय काय केलंस ते सांग, मी तर काहीच केलं नाही, पडून होते.

दहाव्याला तळ्यावर आम्ही सगळे. हेच गुरुजी. पिंड ठेवला, वर दहीभात, आणि मागे सरून उभे राहिलो. कावळा होता, कडुलिंबावर, एकच, पण होता. बघत होता आणि येत नव्हता. अर्धा तास गेला. मग सुरू झालं ते तुम्हाला माहीत आहे, एकेकाने पुढे जाऊन हात जोडून वचन द्यायचं. आई म्हणाली लोणचं तुमच्याच मापाने घालेन, तेल कमी करणार नाही. कावळ्याने मान वळवली. काका म्हणाले प्लॉटवरून भांडणार नाही. काही नाही. मी म्हटलं पोरीला मराठी लिहायला शिकवीन, नुसतं बोलायला नाही. समोरच्या आंटी मागे उभ्या होत्या, त्या पण पुढे आल्या, "अम्मा, इस बार फिर भागवत बैठाएँगे, आपकी कुर्सी आगे ही लगेगी." कावळ्याने आमच्याकडे चक्क पाठ केली. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला.

बाबा इतका वेळ काहीच बोलले नव्हते. गुळगुळीत डोकं, ओलं धोतर, थंडीने कुडकुडत. ते पुढे गेले, पिंडासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "आई, हात हँडलवर ठेवीन."

कावळा खाली आला. भाऊ म्हणतो की गुरुजी दर्भ आणायला बाजूला झाले म्हणून आला. असेलही. आमच्यात रडताना पहिलं कोण हसलं ते आठवत नाही, बहुतेक आईच.

बाबा आता पंचाहत्तरीचे. स्कूटर सोडायला तयार नाहीत. परवा मी त्यांच्या मागे बसून दाल बाजारला निघाले होते, अचलनाथ आला. आजूबाजूचे सगळे एक एक हात सोडून नमस्कार करत होते. बाबांनी दोन्ही हात हँडलवर घट्ट ठेवले, देवळाकडे नुसतं बघितलं आणि हॉर्न दिला. एकदाच, लहानसा.